लिवोनियन भाषेत ‘आहे’, ‘तिथे आहे’ आणि ‘माझ्याकडे आहे’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही भाषा कोणती, कुठली?

लिवोनियन ही उरालिक कुळातल्या फिनिक शाखेची भाषा. फिनिश आणि एस्टोनियन या तिच्या सख्ख्या बहिणी. ती आजच्या लाटव्हियात बोलली जायची आणि तिच्या दोन बोली होत्या. त्यांतली सालात्सा नदीकाठची बोली १८६८ साली संपली. दुसरी कुर्लंडच्या, म्हणजे पश्चिम लाटव्हियाच्या, उत्तर टोकाला, बाल्टिक किनाऱ्यावरच्या बारा कोळीवाड्यांत टिकून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे दोन हजारांहून थोडे अधिक लिवोनियन होते. पुढे पहिल्या महायुद्धात गावं रिकामी झाली, दुसऱ्यात पुन्हा पांगापांग झाली. सोव्हिएत काळात हा किनारा बंद सीमाक्षेत्र ठरला आणि मासेमारीच सुटली. मासेमारी गेली तशी गावं गेली, आणि गावांबरोबर घरातली भाषाही.

मग तिला ‘लुप्त’ म्हणायचं की नाही?

आईवडिलांकडून अखंड चालत आलेली भाषा म्हणून ती लुप्त आहे. त्या साखळीतल्या शेवटच्या मानल्या गेलेल्या ग्रिझेल्डा क्रिस्तिन्या यांचा जन्म १९१० साली वाइदे गावात झाला. १९४४ मध्ये त्या देश सोडून गेल्या आणि २ जून २०१३ रोजी कॅनडात वारल्या. भाषा शिकून बोलणारे, तिच्यात लिहिणारे लोक मात्र आजही आहेत. लाटव्हिया विद्यापीठात २०१८ पासून लिवोनियन संस्था काम करते. या पानावर मांडलेलं व्याकरण किनाऱ्यावरच्या कुर्लंड बोलीचं आहे.

इथले लिवोनियन शब्द देवनागरीत कसे वाचायचे?

‘झ’ नेहमी ‘झाड’मधल्यासारखा उच्चारायचा, ‘झेल’मधल्यासारखा नाही. ‘द’ आणि ‘त’ आपल्यासारखेच दंत्य. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो, लिवोनियनमध्ये तो स्पष्ट ऐकू येतो. म्हणून तो दाखवायला ऽ ही खूण वापरली आहे: ‘रॉदऽ’ हे दोन अवयवांत वाचा, ‘रॉद्’ असं नाही. अनेक शब्दांत स्वर चालू असताना गळा क्षणभर आवळून सोडतात. शब्दकोश ही गोष्ट वरच्या स्वल्पविरामासारख्या खुणेने दाखवतात, इथे ती गाळली आहे. देवनागरीत सगळे स्वर तंतोतंत उतरत नाहीत, त्यामुळे उच्चार पक्का करायचा असेल तर ध्वनिमुद्रणच ऐकायला हवं.

‘असणे’ या क्रियापदाची रूपं कोणती?

मा उम (मी आहे), सा ऊओद (तू आहेस), ता उम (तो किंवा ती आहे). अनेकवचनात मेग ऊओम, तेग ऊओत आणि ने आत. या शेवटच्या रूपाची लांब रूपंही मजकुरात भेटतात.

‘मी’ आणि ‘तो’ यांना रूप एकच, उम. हा अपवाद नाही, लिवोनियनमध्ये सगळ्याच क्रियापदांना वर्तमानकाळात असं होतं. त्यामुळे मा, ता ही सर्वनामं गाळता येत नाहीत. मराठीतही नुसत्या ‘आहे’वरून ‘मी’ की ‘तो’ ते कळत नाही, तसंच इथे नुसत्या ‘उम’वरून कळत नाही.

भूतकाळी रूप ‘वोल्य’, भविष्यकाळी ‘लीब’. भविष्यकाळासाठी स्वतंत्र क्रियापद असणं लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण फिनिशमध्ये त्यासाठी वर्तमानकाळच वापरतात.

टेबलावर पुस्तक आहे आणि पुस्तक टेबलावर आहे, हा फरक कसा दाखवतात?

जसा मराठीत दाखवतात तसाच. मराठी वाचकाने इथे निर्धास्त राहावं.

लोदा पॅल उम रॉन्तझ: टेबलावर पुस्तक आहे.
रॉन्तझ उम लोदा पॅल: पुस्तक टेबलावर आहे.

‘लोदा’ म्हणजे टेबल, ‘पॅल’ म्हणजे वर, ‘रॉन्तझ’ म्हणजे पुस्तक. पहिल्या वाक्यात ऐकणाऱ्याला टेबल माहीत आहे, पुस्तकाची बातमी नवी आहे. दुसऱ्यात पुस्तक माहीत आहे, ते कुठे आहे हे सांगायचं आहे. इंग्रजी हे काम उपपदांनी आणि एका निरर्थक आरंभीच्या शब्दाने करते. लिवोनियनला त्यातलं काही लागत नाही. जागा आधी आली की अस्तित्व, वस्तू आधी आली की स्थान.

फरक एकच आहे आणि तो सतत चुकतो. मराठीत ‘आहे’ शेवटी येतं, लिवोनियनमध्ये ‘उम’ मधे बसतं. ‘लोदा पॅल रॉन्तझ उम’ अशी वाक्यं मराठी वळणाने सहज तयार होतात. अर्थ लागेल, पण साधी, सपाट वाक्यरचना ती नव्हे. लिहिताना आधी ‘उम’ लिहा, मग त्याच्या डावीकडे माहीत असलेली गोष्ट आणि उजवीकडे नवी गोष्ट ठेवा.

नकारात फक्त ‘नाही’ जोडायचं का?

दोन गोष्टी बदलतात. त्यांतली दुसरी मराठीत नाही, म्हणून इथे थोडं थांबावं लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे नकाराचं स्वतःचं क्रियापद आहे आणि पुरुषाप्रमाणे तेच बदलतं: मा ॲब ऊओ, सा ॲद ऊओ, ता ॲब ऊओ. भूतकाळात ‘इझ ऊओ’, दुसऱ्या पुरुषी ‘इस्त ऊओ’. भविष्यात ‘ॲब ली’. मराठीत ‘नाही, नाहीस, नाहीत’ असं होतं, त्यामुळे ही कल्पना परकी वाटू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे जिचं अस्तित्व नाकारलं जातं त्या वस्तूची विभक्तीच बदलते. ती साधारणपणे अंशवाचक विभक्तीत जाते. ही विभक्ती ‘त्यातलं काही’, ‘अनिश्चित प्रमाणात’ असं सुचवते, आणि नकारात ‘त्यातलं काहीच नाही’ असं.

लोदा पॅल उम रॉन्तझ: टेबलावर पुस्तक आहे.
लोदा पॅल ॲब ऊओ रॉन्तस्त: टेबलावर पुस्तक नाही.

‘रॉन्तझ’चं ‘रॉन्तस्त’ झालं. आता स्थानाचं वाक्य पाहा:

येमा उम कुओन्नऽ: आई घरी आहे.
येमा ॲब ऊओ कुओन्नऽ: आई घरी नाही.

‘येमा’ तशीच राहिली. कारण आईचं अस्तित्व कुणी नाकारत नाही, ती घरी नाही एवढंच म्हणणं आहे. होकारार्थी वाक्यांत जो फरक केवळ शब्दांच्या क्रमावर उभा होता, तो नकारात विभक्तीवरही दिसतो. एखादं वाक्य अस्तित्वाचं आहे की स्थानाचं याबद्दल शंका आली तर ते मनात नकारार्थी करून बघा. नाम अंशवाचकात गेलं तर अस्तित्व, प्रथमेत राहिलं तर स्थान. आम्हाला माहीत असलेली ही सगळ्यात विश्वासू कसोटी आहे.

‘मी लिवोनियन नाही’ यातही विभक्ती बदलते?

नाही. मा उम लीव्ली, मा ॲब ऊओ लीव्ली. इथे ओळख सांगितली जाते, अस्तित्व नव्हे. शिकणारे नकार दिसला की अंशवाचक लावून मोकळे होतात, ते टाळा.

जागा दाखवायला कोणते प्रत्यय आहेत?

‘आत’साठी -स किंवा -सऽ, ‘आतून’साठी -स्त किंवा -स्तऽ, ‘आत जाणं’ यासाठी बहुधा नुसता ऽ. रीगा शहराचं उदाहरण घ्या: रीगस (रिगात), रीगस्त (रिगाहून), रीगऽ (रिगाला). ‘इझा उम रीगस’ म्हणजे बाबा रिगात आहेत.

फिनिश आणि एस्टोनियनमध्ये याशिवाय ‘वर, वरून, वरती’ असा आणखी एक त्रिकूट जिवंत आहे. लिवोनियनमध्ये तो आटला. काही गावांच्या नावांत आणि ठरावीक शब्दांत त्याचे अवशेष राहिले, बाकी काम ‘पॅल’सारख्या शब्दयोगी अव्ययांनी उचललं. हे अव्यय नामाच्या षष्ठीनंतर येतं, अगदी आपल्या ‘टेबलावर’मधल्या सामान्यरूपानंतरच्या ‘वर’सारखं.

‘कुओन्नऽ’ हा शब्द वेगळा पाठ करावा लागतो. घर या अर्थाच्या शब्दाला नेहमीचा प्रत्यय लावून तो बनत नाही, जुन्या विभक्तीचं ते थिजलेलं रूप आहे. मराठीत ‘घरात’ आहे आणि ‘घरी’ही आहे. ‘घरी, दारी, गावी’ ही जशी जुन्या सप्तमीची उरलेली रूपं, तसंच हे. आणि अर्थाची छटाही तीच: ‘कुओन्नऽ’ म्हणजे चार भिंतींच्या आत असा अर्थ नाही, स्वतःच्या घरी असा आहे.

‘माझ्याकडे आहे’ कसं म्हणतात? ‘जवळ बाळगणे’ असं क्रियापद आहे का?

नाही. मराठीप्रमाणेच मालकीसाठी वेगळं क्रियापद नाही. ज्याची वस्तू तो चतुर्थीत, वस्तू प्रथमेत, मधे ‘उम’.

मिन्नन उम रॉन्तझ: माझ्याकडे पुस्तक आहे.
मिन्नन उम इक्श सझार: मला एक बहीण आहे.
मिन्नन उम रॉदऽ: माझ्याकडे पैसे आहेत.

तिसऱ्या वाक्यात ‘रॉदऽ’ होकारातही अंशवाचक आहे, कारण पैसे किती ते ठरलेलं नाही. पाणी, दूध, मासळी अशा मोजून न सांगितलेल्या गोष्टींना हेच लागू.

ही रचना म्हणजे वर पाहिलेलं अस्तित्वाचंच वाक्य आहे, फक्त जागेच्या ठिकाणी माणूस आला आहे. त्यामुळे नकारही तसाच चालतो:

मिन्नन ॲब ऊओ रॉन्तस्त: माझ्याकडे पुस्तक नाही.
मिन्नन ॲब ऊओ रॉदऽ: माझ्याकडे पैसे नाहीत.

शेवटच्या वाक्यात नामाचं रूप होकारातल्यासारखंच राहिलं, कारण ते आधीपासूनच अंशवाचक होतं. भविष्य: मिन्नन लीब रॉदऽ.

मराठीत ‘मला बहीण आहे’ पण ‘माझ्याकडे पैसे आहेत’. लिवोनियनमध्ये हा भेद आहे?

या रचनेत नाही, आणि मराठी भाषकांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

मराठीत ‘मला’ नातेवाईक, ताप, भूक, वेळ यांच्यासाठी. ‘माझ्याकडे’, ‘माझ्याजवळ’ वस्तूंसाठी. ‘मला पैसे आहेत’ कानाला खटकतं. त्यामुळे लिवोनियनमध्ये पैशाचं वाक्य करताना ‘मिन्नन’ चुकीचं वाटतं आणि ‘जवळ’ या अर्थाचा शब्द शोधला जातो. तो आहेही: ‘यूस’. पण तो वेगळं काम करतो.

मिन्नन उम रॉन्तझ: माझ्याकडे पुस्तक आहे, म्हणजे मी पुस्तकवाला.
रॉन्तझ उम मिन यूस: ते पुस्तक माझ्यापाशी आहे, कुणाचं का असेना.
रॉन्तझ उम मिन: ते पुस्तक माझं आहे, कुठे का असेना.

‘ता उम मिन यूस’ हे माणसाबद्दलही म्हणता येतं: तो माझ्याकडे आलेला आहे. ‘यूस’ हे स्थानाचं वाक्य करतं, मालकीचं नाही. म्हणून नियम असा: मराठीत ‘मला’ असो की ‘माझ्याकडे’, मालकी सांगायची असेल तर ‘मिन्नन’. वस्तू या क्षणी कुठे ठेवली आहे हे सांगायचं असेल तरच ‘मिन यूस’.

चतुर्थी कशी बनवायची?

सर्वनामं पाठ करा: मिन्नन, सिन्नन, तॅम्मन, मॅद्दन, तॅद्दन, नॅन्तन. अर्थ क्रमाने मला, तुला, त्याला किंवा तिला, आम्हाला, तुम्हाला, त्यांना.

नामांना -न लागतो, आणि तो षष्ठीच्या रूपाला लागतो. इझा (बाबा) चं इझान, येमा (आई) चं येमान. ‘मीएझ’ (पुरुष) चं षष्ठीरूप ‘मीए’, म्हणून चतुर्थी ‘मीएन’. इथे प्रथमेच्याच रूपाला -न चिकटवणं ही नेहमीची चूक. आधी शब्दकोशात षष्ठी पाहा.

फिनिश येणाऱ्यांना आणखी एक सापळा आहे. फिनिशमध्ये -न हा षष्ठीचा प्रत्यय. लिवोनियनमध्ये षष्ठीचा -न केव्हाच झडून गेला. ‘इझा रॉन्तझ’ म्हणजे बाबांचं पुस्तक, प्रत्यय काहीच नाही. ‘इझान उम रॉन्तझ’ म्हणजे बाबांकडे पुस्तक आहे. फिनिशच्या सवयीने ‘इझान रॉन्तझ’ला ‘बाबांचं पुस्तक’ समजलं की पुढचं सगळं वाक्य उलटं लागतं.

फिनिश आणि एस्टोनियनमध्येही असंच आहे का?

सांगाडा तोच, विभक्ती वेगळी. फिनिशमध्ये ‘मिनुल्ला ऑन’, एस्टोनियनमध्ये ‘मुल ऑन’. ही दोन्ही ‘वर’ दाखवणारी स्थानविभक्ती आहे, शब्दशः ‘माझ्यावर आहे’. स्वतंत्र चतुर्थी त्या भाषांत नाही. फिनिक शाखेत चतुर्थी बाळगणारी लिवोनियन उठून दिसते ती यामुळे.

शेजारच्या लाटव्हियनमध्ये पाहा: ‘मान इर’. ‘मान’ ही चतुर्थी, ‘इर’ म्हणजे आहे. नकारात ‘मान नाव’, आणि प्रमाण भाषेत नाकारलेली वस्तू षष्ठीत. रचना लिवोनियनशी जवळजवळ घडीवर घडी बसते. किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही भाषा बोलत होती, आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. लाटव्हियनच्या उत्तरेकडच्या बोलींवर लिवोनियनचा ठसा आजही ऐकू येतो. तेव्हा ‘लिवोनियनने सगळं उसनं घेतलं’ असं म्हणणं अर्धवट आहे. ‘आहे’वर मालकी तोलणं हे तिचं मूळचं, फिनिक धाटणीचं. माणसाला चतुर्थीत बसवणं हे शेजाराशी जुळलेलं.

उरालिक कुळातच दूरच्या हंगेरियनमध्ये माणूस चतुर्थीत येतो, पण तिथे वस्तूलाही ‘माझं’ असा प्रत्यय लावावा लागतो. लिवोनियनमध्ये वस्तू कोरीच राहते.

‘मला थंडी वाजते’, ‘मला जायचंय’ यांचा या रचनेशी संबंध आहे?

आहे, आणि मराठी वाचकाला हा भाग विशेष आवडेल. ‘मिन्नन उम कील्मा’ म्हणजे मला थंडी वाजतेय. अनुभव घेणारा चतुर्थीत.

त्याहून पुढे, कर्तव्य सांगणारी रचनाही हीच आहे. क्रियापदाला -मस्त प्रत्यय लागतो:

मिन्नन उम लॅमस्त: मला जायचं आहे, जायला हवं.

मराठीत ‘मला जायचं आहे’, लाटव्हियनमध्ये ‘मान इर याइएत’, आणि लिवोनियनमध्ये हे. जायचं कुणाला ते चतुर्थीत, काम क्रियापदाच्या खास रूपात, आणि मधे ‘आहे’. ‘मी’ प्रथमेत ठेवून ‘मा उम लॅमस्त’ म्हणणं चूक आहे. आपण तरी ‘मी जायचं आहे’ कुठे म्हणतो?

मराठीच्या ‘जायचंय’मध्ये इच्छा आणि गरज दोन्ही मावतात. ‘लॅमस्त’चा भार गरजेवर आहे. ‘मला हिंडायला जायचंय’ अशा निव्वळ इच्छेसाठी ते वापरू नका.

दोन, तीन वस्तू असतील तर?

एकाला प्रथमा: इक्श सझार. दोनपासून पुढे वस्तू अंशवाचक एकवचनात: मिन्नन उम काक्श रॉन्तस्त, माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत. मराठी कानाला अनेकवचन हवंसं वाटतं, पण संख्या आली की नाम एकवचनातच राहतं. संख्येशिवाय, ठरलेली पुस्तकं असतील तर क्रियापदही अनेकवचनी: रॉन्तद आत लोदा पॅल.

जुने मजकूर वाचताना काय अडतं?

लेखन. भाषाशास्त्रज्ञ श्योग्रेन यांनी १८४६ आणि १८५२ साली किनाऱ्यावर जाऊन गोळा केलेली सामग्री वीडेमान यांनी संपादित केली आणि ती १८६१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला छापली गेली. केत्तुनेन यांचा शब्दकोश १९३८ चा, तो बारीक ध्वनिलिपीत. वीट्सो आणि एर्न्श्ट्राइट्स यांचा लिवोनियन-एस्टोनियन-लाटव्हियन शब्दकोश २०१२ चा, तो आजच्या लेखनात. एकच शब्द तिन्हींत तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. आजच्या लेखनाप्रमाणे जुन्या पानांत ‘मिन्नन’ शोधलंत आणि काही हाती लागलं नाही, तर रचना नाही असा निष्कर्ष काढू नका. आधी त्या पुस्तकातली सर्वनामांची सारणी काढा, चतुर्थीची सहा रूपं त्याच लेखनात टिपून घ्या आणि मग शोधा.

दुसरी अडचण भाषांतरित मजकुरांची. मॅथ्यूचं शुभवर्तमान १८६३ साली लिवोनियनमध्ये छापलं गेलं. भाषांतरात मूळ मजकुराचा शब्दक्रम डोकावतो, म्हणून अस्तित्व आणि स्थान यांचा क्रम अशा मजकुरावरून ठरवू नये. त्यासाठी किनाऱ्यावरच्या बोलणाऱ्यांकडून थेट टिपलेली वाक्यं आणि कथा धराव्यात. विभक्तीसाठी मात्र भाषांतरही बऱ्यापैकी भरवशाचं असतं.

स्वतः सराव करायचा तर सुरुवात कुठून करू?

एकच नाम घ्या, ‘रॉन्तझ’ पुरे. त्याची तीन रूपं लिहा: रॉन्तझ, षष्ठी रॉन्तऽ, अंशवाचक रॉन्तस्त. मग या क्रमाने वाक्यं करा: टेबलावर आहे, टेबलावर नाही, माझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही, बाबांकडे होतं, बाबांकडे नव्हतं, तुझ्याकडे असेल. प्रत्येक वाक्यात क्रमाने तीन गोष्टी तपासा: ‘उम’ मधे आहे का, माणूस चतुर्थीत आहे का, नकार असेल तर वस्तू अंशवाचकात गेली का. हे एका नामावर न अडखळता जमलं की ‘सझार’, मग ‘रॉदऽ’. नवी नामं घेताना शब्दकोशातून प्रथमा, षष्ठी आणि अंशवाचक ही तीन रूपं एकदमच उतरवून घ्या. नुसत्या प्रथमेवरून बाकीची दोन ओळखता येतील याचा भरवसा या भाषेत धरता येत नाही.